ऑफिसची पार्टी आणि न पिणारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामाच्या टेबलावर दारू सहसा नसते. ती येते काम संपल्यावर: टार्गेट गाठलं म्हणून, कुणी नोकरी सोडतंय म्हणून, क्लायंट आलाय म्हणून, ऑफसाइटची पहिली रात्र आहे म्हणून. यातलं काहीच कामाचा भाग म्हणून मोजलं जात नाही, पण कोण आलं नव्हतं हे मात्र नीट लक्षात राहतं. खालचे बरेचसे प्रश्न न पिणाऱ्यांचे आहेत. काही पिणाऱ्यांचे आणि पार्टी ठरवणाऱ्यांचे आहेत, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचे, कारण यातल्या बऱ्याच अडचणी एकट्या न पिणाऱ्याने कितीही हुशारी केली तरी सुटत नाहीत.

मी पीत नाही हे सहकाऱ्यांना कधी सांगायचं, आणि कसं?

कुणी विचारलं की. एका वाक्यात. "मी घेत नाही, मला सोडा चालेल." वाक्याचा दुसरा भाग विसरू नका. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा तुमच्या तत्त्वांशी देणंघेणं नसतं; तुमचा हात रिकामा दिसतोय एवढीच त्याची अडचण असते. त्याला काहीतरी आणून देता आलं की विषय संपतो.

आधीपासून जाहीर करत सुटण्याची गरज नाही. ग्रुपवर "मी येतोय पण पिणार नाही" असं टाकलंत, तर जो प्रश्न कुणाच्या डोक्यात नव्हता तो दहा जणांच्या डोक्यात येतो.

कारण विचारलं तर?

द्यायचं असेल तर द्या, पण प्रत्येक कारणाला एक उत्तर तयार असतं हे धरून चला. "उद्या लवकर उठायचंय" म्हणालात की "एकच घे, लवकर निघू". "गाडी आणलीय" म्हणालात की "कॅब करून देतो ना". "डॉक्टरांनी नको सांगितलंय" म्हणालात की आवाज खाली येतो आणि "का रे, काय झालं?" सुरू होतं. "घेत नाही" याला मात्र धड उत्तर नसतं. "का घेत नाहीस?" असं पुन्हा आलंच, तर "नाही घेत, बस" हेही पुरेसं असतं. हसून म्हणा, पुढचा विषय तुम्हीच काढा.

धर्म, प्रकृती, घरातला जुना अनुभव, चव न आवडणं, व्यायाम, कंटाळा: यातलं कोणतंही कारण दुसऱ्यापेक्षा कमी वजनाचं नाही. आणि त्यातलं कुठलंही ऑफिसला सांगायला तुम्ही बांधील नाही.

औषध चालू आहे असं खोटं सांगितलं तर चालतं का?

एकदा चालतं. पुढच्या महिन्यात "झालं का रे बरं?" येतं आणि मग खोट्याला टेकू द्यायला दुसरं खोटं लागतं. अधूनमधून भेटणाऱ्या क्लायंटसमोर वापरलंत तर मी काही म्हणणार नाही. रोज ज्यांच्याबरोबर काम करायचं, त्यांच्यासमोर नको.

औषध खरंच चालू असेल तर गोष्ट वेगळी. मेट्रोनिडॅझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध घेताना दारू टाळा असा इशारा दिलेला असतो. झोपेच्या गोळ्या आणि सुस्ती आणणारी ॲलर्जीची औषधं यांच्याबरोबर दारू गेली की दोघांची गुंगी एकमेकांत मिसळून वाढते. मधुमेहात इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर विशेष जपायला हवं. यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की नवी साखर तयार करण्याचं त्याचं काम मंदावतं आणि रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा वेळी माणूस अडखळतो, घामाघूम होतो, असंबद्ध बोलतो. पार्टीत ते पाहून लोक म्हणतात, "याला चढली," आणि त्याला कोपऱ्यात झोपवून ठेवतात. सहकाऱ्याला मधुमेह आहे हे माहीत असेल तर आधी साखर तपासा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर काहीतरी गोड द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा.

ग्लासात नुसता सोडा घेऊन पितोय असं भासवणं अप्रामाणिक आहे का?

नाही. तुमच्या ग्लासात काय आहे याचा हिशोब कुणाला द्यावा लागत नाही. फक्त ग्लास नजरेआड ठेवू नका, कारण उत्साही मंडळी न विचारता भरतात. काउंटरवरच्या माणसाला सुरुवातीलाच सांगून ठेवा, "माझ्या ग्लासात दर वेळी साधा सोडा." हे त्यांना रोजचं असतं, ते कुणाला सांगायला जात नाहीत.

'नॉन-अल्कोहोलिक' बिअरचं लेबल मात्र वाचा. काहींवर ०.० टक्के असतं, पण बऱ्याच देशांत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेली पेयंही याच नावाने विकतात. एवढ्याने नशा येत नाही. पण ज्याला धर्मामुळे एक थेंबही नको आहे किंवा जो व्यसनातून बाहेर पडलाय, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

मी सोडून सगळेच पितात. मीच वेगळा आहे का?

दिसतं तेवढे सगळे पीत नाहीत, आणि पिणाऱ्यांतल्या सगळ्यांना ते आवडतंच असंही नाही. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. कॅम्पसमधलं पिणं आपल्याला जेवढं पटतं, त्यापेक्षा इतरांना ते जास्त पटतं असं विद्यार्थी सरासरीने समजत होते. म्हणजे अस्वस्थता बऱ्याच जणांच्या मनात होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की ती आपल्यापुरतीच आहे. ऑफिसात वेगळं काही घडत नसावं, उलट तिथे पगारवाढही डोक्यावर असते.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोगही इथे आठवतात. रेषांची लांबी ओळखण्याइतक्या साध्या कामातही लोक गटाच्या चुकीच्या उत्तराला मान डोलवत होते. पण गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी ही मान डोलवण्याची प्रवृत्ती एकदम घसरायची. पार्टीला जाण्याआधी तो एक जण शोधून ठेवा. नवीन जागी रुजू झाला असाल तर जेवणाच्या सुट्टीत सहज विचारा, "तू घेतोस का?" तुमच्यासारखं कुणीतरी सापडण्याची शक्यता चांगली असते, आणि त्याला किंवा तिला तुमच्याइतकंच बरं वाटेल.

एका ग्लासाने काय होतं?

एका ग्लासाने कुणी कोसळत नाही, हे खरं. पण "थोडी प्रकृतीला चांगली" हे आता तितक्या खात्रीने म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं असा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींच्या यादीत. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. दारू पचताना शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं आणि ते डीएनएला इजा करतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. जानेवारी २०२३ मध्ये याच संघटनेने म्हटलं की पूर्णपणे निर्धोक असं मद्याचं प्रमाण सांगता येत नाही. गरोदरपणात तर सुरक्षित प्रमाण माहीतच नाही.

काही लोकांच्या शरीरात ॲसिटाल्डिहाइडचा निचरा करणारं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमकुवत असतं. पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत हे विशेष आढळतं. दोन घोटांत चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते. "सवय नाही म्हणून होतंय, घेत राहा" हा त्यांना मिळणारा सल्ला धोक्याचा आहे. सवयीने लाली कमी झाल्यासारखी वाटली तरी विकर तेच राहतं, आणि अशा लोकांनी पीत राहिल्यास अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

हे सगळं पार्टीत ऐकवायला जाऊ नका. कुणी मनापासून विचारलं तर सांगा. समोरचा ग्लास उचलत असताना कर्करोगाची यादी वाचणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

न पिणारे नोकरीत मागे पडतात का?

या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे दाखले मिळतात. २००६ मध्ये बेथनी पीटर्स आणि एडवर्ड स्ट्रिंगहॅम यांचा एक शोधनिबंध गाजला: पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा १० ते १४ टक्के जास्त कमावतात, कारण पिण्याच्या निमित्ताने ओळखी वाढतात, असा त्यांचा तर्क होता. पण अशा तुलनेत एक गोम असते. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे किंवा व्यसनामुळे सोडून दिलेलेही मोजले जातात, आणि आधीच चांगलं कमावणाऱ्याला पार्ट्या परवडतात. पगारामुळे पिणं की पिण्यामुळे पगार, हे नुसत्या आकड्यांतून सुटत नाही.

दुसरीकडे स्कॉट रिक आणि मॉरिस श्वाइट्झर यांनी २०१३ मध्ये दाखवलं की जेवणाच्या टेबलावर घेतलेल्या मुलाखतीत वाइन मागवणारा उमेदवार सोडा मागवणाऱ्यापेक्षा कमी हुशार समजला जातो. गंमत म्हणजे उमेदवारांना याची कल्पना नसते. वाइन मागवली तर आपली छाप पडेल असं त्यांना वाटतं.

माझं मत असं, की न पिण्याने कुणी मागे पडत नाही, न भेटण्याने पडतो. तेव्हा भेटायच्या इतर जागा तुम्ही तयार करा. वरिष्ठांना सकाळच्या कॉफीला विचारा, दुपारी एकत्र जेवा, प्रवासात शेजारची सीट घ्या. वीस मिनिटं निवांत मिळाली तर पार्टीतल्या तीन तासांपेक्षा जास्त बोलणं होतं.

पण महत्त्वाचे निर्णय तर रात्री टेबलावरच होतात. मी नसेन तर कळणार कसं?

यावर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण खरी बोच इथेच आहे. दारू न मिळाल्याचं कुणाला दुःख नसतं. सकाळी ऑफिसात पाऊल टाकावं आणि आपल्या प्रोजेक्टचा लीड बदललाय हे इतरांच्या हसण्यावरून कळावं, याचं असतं.

पहिली गोष्ट, जा, आणि लवकर जा. जागतिक आरोग्य संघटना एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरते. शरीर तासाला साधारण तेवढंच किंवा त्याहून थोडं कमी निस्तरू शकतं. लोक मात्र तासात एकावर थांबत नाहीत. म्हणजे कामाचं, मोकळं, ऐकण्यासारखं बोलणं होतं ते पहिल्या तास-दीड तासात. पुढे तीच गोष्ट तिसऱ्यांदा सुरू होते. तेव्हा तुम्ही निघालात तर काही चुकत नाही, आणि आत्तापर्यंत तुम्ही होतात हे सगळ्यांच्या लक्षात असतं.

दुसरी गोष्ट, रात्री उशिरा दिलेल्या शब्दावर विसंबू नका. भरपूर दारू मेंदूतलं नवी आठवण साठवण्याचं काम बंद पाडते. माणूस चालत असतो, बोलत असतो, हात हातात घेऊन "तुझं प्रमोशन मी बघतो" म्हणतही असतो, आणि सकाळी त्याला ते खरंच आठवत नाही. तो फिरला असं समजून रागावण्यात अर्थ नाही. ती आठवण तयारच झालेली नसते.

तिसरी गोष्ट, सकाळी मेल करा. "काल रात्री लाँचच्या तारखेबद्दल बोलणं झाल्याचं कळलं. काय ठरलं ते इथे लिहाल का?" एवढंच. यात तक्रार नाही, टोमणा नाही. पण चार वेळा असा मेल गेला की टेबलावर ठरवणाऱ्यांनाही सवय लागते: ठरवलं तरी सकाळी सगळ्यांसमोर पुन्हा मांडावं लागणार. काही दिवसांनी ते रात्री ठरवायचंच कमी करतात.

बॉस स्वतःच आग्रह करतो. काय करू?

मित्राने "घे रे" म्हणणं आणि बॉसने "घे रे" म्हणणं यांत फरक आहे. बॉसच्या हातात तुमचं अप्रेझल असतं. पार्टीत सगळ्यांसमोर वाद घालू नका. "सर, मी घेत नाही" म्हणा, ग्लास हातात दिलाच तर टेबलावर ठेवून द्या. मग एक-दोन दिवसांनी, दिवसाउजेडी, दोघंच असताना सांगा: "सर, त्या दिवशी मला अवघडल्यासारखं झालं. पुढच्या वेळी मला आग्रह नको." बरेच बॉस ओशाळतात. आपण यजमानपण करतोय असंच त्यांना वाटत असतं.

त्यानंतरही आग्रह, "ही काय मजा करणार" छापाचे शेरे, किंवा न प्यायल्यामुळे कामं काढून घेणं सुरू राहिलं, तर तारखा आणि शब्द लिहून ठेवा आणि एचआरकडे जा. आणि पार्टीत कुणी अंगचटीला आलं तर "चढली होती हो" हे स्पष्टीकरण नाही. ऑफिसने ठरवलेल्या कार्यक्रमातलं वागणं ऑफिसातल्या वागण्यासारखंच धरलं जावं, आणि बऱ्याच कंपन्यांचे नियमही तसंच सांगतात.

चिअर्सला पाण्याचा ग्लास उचलला तर अपमान होतो का?

नाही. उचला, हसा, टेकवा.

दर वेळी सगळ्यांना घरी सोडायचं काम माझ्यावर येतं. नाही म्हणू का?

म्हणा. शुद्धीत असणं म्हणजे फुकटचा ड्रायव्हर असणं नव्हे. एखाद्या वेळी मनाने सोडलंत तर छान. पण ती तुमची नेमणूक होऊ देऊ नका. "मी दहाला निघणार, ज्याला यायचंय त्याने तेव्हा यावं" असं आधीच सांगितलं की अर्धे लोक आपापली सोय करतात. एक मात्र: प्यायलेला सहकारी स्वतः गाडीत बसत असेल तर किल्ली काढून घ्या, मग तो कितीही रागावो. कॉफीने किंवा गार पाण्याने दारू उतरत नाही. वेळच जावा लागतो.

बिल समान वाटतात आणि मी तर फक्त सोडा प्यायलेला असतो.

बिल मागवायच्या आधी बोला, आल्यावर नाही. "दारूचं वेगळं करूया का?" हे न पिणाऱ्याऐवजी एखाद्या पिणाऱ्याने म्हटलं तर फारच बरं. तो एक जण शोधा असं वर म्हटलंय, तो इथेही उपयोगी पडतो.

मी व्यसनातून बाहेर आलोय. ऑफिसच्या पार्ट्यांना जाऊ का?

सुरुवातीचे महिने जाऊ नका. कारण सांगायची गरज नाही, "जमणार नाही" पुरे. त्या काळात एका पार्टीपेक्षा तुमचा तो एक दिवस महत्त्वाचा आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांना एकमेकांचा आधार देणारी मंडळी १९३५ पासून, अमेरिकेतल्या ॲक्रन शहरातल्या दोन माणसांच्या भेटीपासून, हेच "फक्त आजचा दिवस" धरून चालत आली आहेत.

पुढे गेलात तर स्वतःच्या वाहनाने जा, म्हणजे कधीही उठता येईल. ज्याला मध्यरात्रीही फोन करता येईल अशा माणसाला आधी कळवून ठेवा. ऑफिसातल्या एका विश्वासू माणसाला खरं सांगितलंत तर सोपं जातं. सगळ्यांना सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

डायसल्फिराम ही दारूपासून दूर राहण्यासाठी दिली जाणारी गोळी घेत असाल तर थोडी दारूही तीव्र त्रास देते: उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं. काही सॉसमध्ये आणि खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं. म्हणूनच "गंमत म्हणून" कुणाच्या सरबतात व्होडका मिसळणाऱ्याला माझा सरळ सवाल असतो: समोरचा कोणतं औषध घेतोय, हे तुला माहीत आहे का? ही थट्टा एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

आणि हे वाचून कुणी रोज भरपूर पिणारा उद्यापासून एकदम बंद करायचं ठरवत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. अचानक सोडल्यावर हातापायांना कंप, आकडी, आणि साधारण दोन ते चार दिवसांत भ्रमाची गंभीर अवस्था येऊ शकते. योग्य औषधांनी ते टाळता येतं.

मी पितो. न पिणाऱ्या सहकाऱ्याशी कसं वागू?

एकदा विचारा, "काय घेणार?" आणि जे उत्तर येईल ते आणून द्या. एवढं केलंत तर खूप झालं. "तुझ्यासमोर प्यायला कसंतरी वाटतं" असं म्हणू नका. तो तुमचं मोजत बसलेला नाही. मोजत असेल, तर ती त्याची चूक.

पार्टी ठरवायचं काम माझ्याकडे आहे. काय बदलू?

बक्षिसं, घोषणा, निरोपाची भाषणं बार उघडण्याआधी उरकून घ्या. संपायची वेळ निमंत्रणातच लिहा. बिनदारूच्या पेयांत पाणी आणि एक कोमट कोला यापलीकडे काहीतरी ठेवा, आणि ते त्याच काउंटरवर, तशाच ग्लासात द्या. न पिणाऱ्यांना वेगळं टेबल तर मुळीच नको. दर दोन कार्यक्रमांत एक दिवसा ठेवा. घरी लहान मुलं असलेले, लांब राहणारे, रात्रीच्या प्रवासाची धास्ती असलेले, असे बरेच जण मग पहिल्यांदा दिसतील.

"लोक नाराज होतील" ही भीती असेल तर एक उदाहरण देतो. दुपारच्या पिण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या लंडनच्या विमा व्यवसायात, लॉइड्स ऑफ लंडन या संस्थेने २०१७ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचपर्यंत पिण्यास बंदी केली. कुरकुर झाली, बातम्या झाल्या, आणि विमा विकला जातच राहिला.

एक सहकारी हल्ली फारच पितो असं वाटतं. बोलू का?

बोला, पण पार्टीत नाही, आणि "तू दारुड्या झालायस" असं तर नाहीच. जे पाहिलंत तेच सांगा: "गेल्या आठवड्यात दोनदा सकाळी तुझे हात थरथरत होते. मला काळजी वाटली." मग गप्प बसून ऐका. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. ती स्वतःची स्वतः करता येते, तिचं नाव सुचवून ठेवा. तो गाडी किंवा यंत्र चालवत असेल तर मात्र वाट बघू नका, वरिष्ठांना सांगा.

पार्टीला गेलोच नाही तर?

वर्षातले दोन-तीन कार्यक्रम निवडा, जिथे तुमच्या टीमचं काहीतरी खरंच साजरं होतंय. तिथे जा, तासभर थांबा, ज्यांचं अभिनंदन करायचं त्यांचं करा, निघा. बाकीचे सोडले तरी चालतात.